उस्तादांचा गिलास

ऐंशीच्या आसपास हुमनाबादला, हमरस्त्यालगत लॉऱ्या रंगवायच्या एका शेडमध्ये मी चार वर्षं काढली. रंग द्यायच्या आधी पत्रा धुवायचा आणि त्यावरचं पाणी कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवायचं. फडक्यानं पुसलं तर धागे चिकटतात, तसंच राहू दिलं तर वरचा रंग फुगतो. मी नळी सरळ पत्र्यावर रोखायचो. पाणी चहूकडं पसरायचं आणि पुन्हा जागेवर यायचं. आमच्या उस्तादांनी माझं मनगट धरून नळी तिरकी केली आणि हळूहळू वरून खाली नेली. पाण्याचा पातळ थर कडेकडे सरकत गेला आणि गळून पडला. माझ्या हाताला जे काही कसब आलं, ते त्या माणसामुळं.

उस्ताद आळंदकडच्या बौद्ध घरातले. मी संतपूरच्या शेतकऱ्याचा मॅट्रिक झालेला मुलगा, जातपात मानत नाही असं चारचौघांत छाती काढून सांगणारा. शेडमध्ये सगळ्यांत मिळून चहाचे पाच गिलास होते. उस्ताद प्यालेला गिलास माझ्या वाट्याला आला की मी तो विसळायचो आणि वर त्यात हवा मारायचो, थेंब न थेंब उडेपर्यंत. त्यांनीच शिकवलेल्या तऱ्हेनं, नळी तिरकी धरून. दुसऱ्या कुणाच्या उष्ट्या गिलासाला मी कधी हवा मारली नाही.

एकदा त्यांनी विचारलं, "माझ्याच गिलासाला हवा कामून मारायलास?"

चोराच्या मनात चांदणं. पाणी राहिलं की चहा पांचट लागतो, असं काहीतरी मी बरळलो. ते पुन्हा कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी घरून स्वतःचा गिलास आणला. बाकीचे विचारू लागले, हे काय नवीन? मी मान खाली घालून नळीचा पीळ सोडवत बसलो. आता ते माझं नाव घेणार असं वाटत होतं, आणि त्यांनी घ्यायलाच हवं होतं.

"खोकला लागलाय," ते म्हणाले. "तुमाला लागू नये म्हनलं."

त्यांना खोकला नव्हता. गिलास खरा कशामुळं आला, हे शेडमध्ये त्यांच्याखेरीज फक्त मला ठाऊक होतं, आणि मी गप्प बसलो. लाज वाटली ती नंतर, फार नंतर. त्या सकाळी मला हायसं वाटलं होतं.