रिकामा आलेला डबा

ओसाकात माझ्याशी पहिलं कोण बोललं असेल, तर लिफ्ट. त्यानंतर न्हाणीघरातली भिंत बोलली, पाणी तापलंय म्हणून. माणसं मात्र वाकायची आणि निघून जायची. माथेरानचं घोडंसुद्धा अनोळखी माणूस दिसला की कान तरी हलवतं. इथे मी एकदा शिंकलो, तर वरच्या चार मजल्यांनी खिडक्या लावून घेतल्या. खालापूरच्या कारखान्याने मला दोन वर्षांसाठी तिकडे धाडलं होतं; तोंडाला बुरशी येऊन परत जाणार असं वाटायला लागलं.

भिसेगावहून आईचा फोन आला. "शेजाऱ्याला गोड दे रं आदी. दारं आपोआप उगडतात."

निघताना तिने दिलेल्या स्टीलच्या डब्यात रव्याचे लाडू भरून मी समोरचं दार वाजवलं. एकटी राहणारी आजी होती, उंचीने माझ्या कोपराएवढी. तिने दोन्ही हातांनी डबा घेतला आणि इतकी वाकली, की आता ही माझ्या पाया पडते की काय म्हणून मीच मागे सरलो.

चौथ्या दिवशी डबा परत आला. रुमालात बांधलेला, आरशासारखा घासलेला, आत टोमॅटोसारखी दिसणारी गोड फळं. मी आईला म्हटलं, "भरून दिला गं."

"मग आपली मान्सं हायत ती. रिकामा परत करू नको हां."

आमच्याकडे शेजारचं भांडं रिकामं जात नाही, निदान चिमूटभर साखर तरी पडतेच. मी पोहे दिले. तिकडून चहाचा डबा आला. मी शंकरपाळे दिले. तिकडून खरबूज आलं, असं नटवून बांधलेलं की कर्जतच्या मांडवात नवरीसुद्धा एवढी सजत नाही. मी खुशीत. कारखान्यात सांगितलं, म्हातारीने मला दत्तक घेतलंय, आता घर माझ्या नावावर करणार. रविवारी तर आख्खं पातेलंभर पुरणपोळ्यांचं पुरण शिजवलं; वासाने ओसाकातल्या मांजरांनी रांग लावली.

पोळ्या डब्यात भरून समोर दिल्या. या वेळी डबा परत घेऊन इमारतीचा व्यवस्थापक आला. मोबाईलमध्ये बोलून त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. मोबाईल हिंदीत म्हणाला, आजींना त्रास होतो. तुम्ही दिलंत की त्यांना परत द्यावंच लागतं, तेही साजेसं. पाय दुखत असताना त्या बाजारात जातात. कृपया देणं थांबवा.

डबा रिकामा होता. स्वच्छ, कोरडा, झाकणाला रबर लावलेलं.

मी विचारलं, पोळ्या आवडल्या का? त्याने मोबाईलला विचारलं, मोबाईलने त्याला, मग तो वाकला. बस, एवढंच.

पुढे आजी दारात दिसायची तेव्हा पूर्वीपेक्षा खोल वाकायची आणि पूर्वीपेक्षा लवकर दार लावायची. तिला मी छळत होतो म्हणे. आणि मला वाटत होतं, आमचं जमलंय. उरलेलं दीड वर्ष मी लिफ्टशीच बोललो. लिफ्ट निदान मजला तरी विचारायची.

निघायच्या आदल्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून साखर घेतली आणि डबा भरला.

घरी आल्यावर आईने पिशवीतून आधी डबाच काढला. झाकण उघडलं, बोटाने साखर चाखली.

"म्हातारीनं दिली?"

"हो."

"किती जीव लावला रं तुला. आनि तू म्हंतोस तिकडं करमत नव्हतं." साखर तिने बरणीत ओतून घेतली. डबा घासला, पुसला, आणि संध्याकाळी बघतो तर त्यात करंज्या भरलेल्या.

"कुनी जपानला जानारं असलं तर सांग," ती म्हणाली. "रिकामा कसा ठेवायचा?"

करंज्या खवट झाल्या की ती टाकून देते आणि दुसऱ्या तळते. मी रोज म्हणतो, चौकशी करतोय.