मामांच्या गाडीचं सोवळं

माझ्या बायकोच्या मामांइतका चौकस माणूस कावेरीच्या दोन्ही काठांवर आज दुसरा नाही, आणि पूर्वी कधी होऊन गेला असेल तर त्याच्या शेजाऱ्यांनी त्याला सुखानं जगू दिलं नसणार. कुंभकोणमला माझी बदली झाली तेव्हा मला वाटलं होतं, चला, बायकोचं आजोळच आहे, जेवणाखाणाची आबाळ होणार नाही. आबाळ झाली नाही. पण पहिल्याच पंगतीला मामांनी माझी जी उलटतपासणी सुरू केली ती अजून संपलेली नाही. नाशकाकडे आमटीत आमसूल आधी घालतात की नंतर, बँकेच्या तिजोरीच्या बिजागरीला तेल कोण घालतं, मी झोपेत डाव्या कुशीवरून उजव्या कुशीवर वळतो तेव्हा मला ते कळतं का, असं काहीही ते विचारतात, आणि उत्तर मिळेपर्यंत भाताचा घास हातातच धरून बसतात. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावरकडे आले आणि इकडचेच झाले. घरात अजून ती जुनी मराठी आहे, उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तमिळ. माझी मराठी त्यांनी आधी कौतुकानं ऐकली, मग काळजीनं. म्हणाले, "तुमची मराठी बेस आहे हो, पण कोणी मागं लागल्यासारखी कां बोलतां?"

मामांचा एक सिद्धांत आहे. कुठलंही काम कारागिराच्या हाती देण्यापूर्वी ते आपण स्वतः एकदा बिघडवून पाहावं. "आपण बिघडवल्याविना दुसऱ्यानं बेस केलंय हें कळावं कसं?" असं ते विचारतात. वीज खात्यातून निवृत्त होईपर्यंत या सिद्धांताला सरकारी वेसण होती. नंतर तो मोकाट सुटला. न्हावी कात्री नेमकी कशी फिरवतो हे कळावं म्हणून त्यांनी दोन आरशांच्या मधोमध बसून स्वतःचे केस कापले आणि पुढे बरेच दिवस भर उकाड्यात माकडटोपी घालून देवळात जात राहिले. कुणी विचारलं तर सर्दी झाली म्हणत. देवघरासाठी पंचधातूचा गणपती हवा होता, तेव्हा ते रोज बसनं स्वामीमलैला जाऊन एका मूर्तिकाराच्या कारखान्यात बसू लागले. मूर्ती ओतण्याआधी ती मेणात घडवतात, म्हणून मेणाचा गोळा मागून घेतला आणि मोठ्या कष्टानं गणपती केला. मूर्तिकारानं तो हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिला आणि अदबीनं म्हणाला, "उंदीर चांगला झालाय. आता गणपती कधी करता?" मामा हे स्वतःच सांगतात, आणि सांगताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात.

मग गेल्या दसऱ्याला गाडी आली. पिकल्या मिरचीच्या रंगाची, कोरी करकरीत. आजवरच्या त्यांच्या सगळ्या गाड्या दुसऱ्याच्या हातून आलेल्या होत्या आणि मामांच्या हातून कायमच्या गेल्या होत्या. ही नवी गाडी खरं म्हणजे मामींसाठी होती. तिरुविसनल्लूरच्या मठातल्या विहिरीत कार्तिकातल्या अमावास्येला गंगा येते अशी इकडे श्रद्धा आहे. त्या दिवशी माणसं रांगा लावतात आणि विहिरीतून शेंदलेलं पाणी डोक्यावर घेतात. गाव तसं हाकेच्या अंतरावर आहे, पण मामींचे गुडघे बसची पायरी चढू देत नाहीत आणि रिक्षात त्यांना मळमळतं; जुन्या गाड्या तर मामांनी एकदा उघडल्या की पुन्हा रस्त्यावर येत नसत. म्हणून वर्षानुवर्षं 'पुढल्या साली' चाललं होतं. यंदा मामांनी गाडीची पूजा होतानाच शब्द दिला, की ह्या अमावास्येला आपल्या गाडीतून. मामी मितभाषी, एवढंच म्हणाल्या, "बेस." पण त्याच दुपारी त्यांनी नहाणासाठी एक सुती लुगडं काढून वरच्या कप्प्यात वेगळं ठेवलं, हे माझ्या बायकोनं पाहिलं.

आणि तेवढ्यात मामांना कुणीतरी त्या फिल्मबद्दल सांगितलं. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक पापुद्रा चिकटवतात. खडा उडाला, फांदी घासली तरी चरा त्या पापुद्र्यावर पडतो, खाली रंग जसाच्या तसा. झालं! त्या दिवसापासून गाडीला सोवळं लागलं. फिल्म लागेपर्यंत ती शेडबाहेर काढायची नाही. इन्नंबूरकडे रस्त्यावरच भात वाळत घालतात, त्याचं तूस घासेल; देवळापाशी फुलवालीची टोपली लागेल; बकऱ्या तर टपावर चढण्याची वाटच पाहत असतात. घरात नवी गाडी असून मामा भाजी आणायला पायीच जात होते. मामी एकदा स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मी ह्या घरीं नवी आलें तेव्हां मजवर कोणी काही चिकटवलं होतं काय? तरी चाललें कीं इतकी वर्षं." मामा त्यावर खरोखर विचार करत बसले.

फिल्म लावणारे तज्ज्ञ तंजावरला आहेत हे ठाऊक असूनही सिद्धांताप्रमाणे पहिली गुंडाळी मामांनी स्वतःसाठी मागवली. भाषेचं अक्षरही कळत नाही असे परदेशी व्हिडिओसुद्धा त्यांनी पाहिले. धूळ हा मुख्य शत्रू, म्हणून शेडमध्ये गाडीभोवती मामींची नऊवारी लुगडी ओली करून टांगली. शेजारच्या बाईंनी येऊन हळू आवाजात विचारलं, आत कोण बाळंत झालं? फिल्म सरकवायला पाण्यात लहान मुलांचा शाम्पू घाला, असं व्हिडिओत होतं. मामांनी विचार केला, डोकं धुवायचं ते धुवायचं, आणि शिकेकाई घातली. पहिली फिल्म चहाच्या रंगाची झाली. दुसऱ्या खेपेला खरा शाम्पू आणला, दोन टोकं मी धरली. वारा आला आणि अंथरुणाएवढी ती फिल्म मामांच्या उघड्या पोटाला जाऊन बसली. मी ती सोडवत होतो आणि मामा कळवळत विचारत होते, "केसांस एवढी बेस धरते, मग लोखंडास कां धरीना हो?" तिसऱ्या खेपेला मात्र बॉनेटवर एकही बुडबुडा राहिला नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग पाहतो तर मधोमध एक मुंगी. दारातल्या रांगोळीला मामी तांदळाचं पीठ वापरतात, त्या पिठामागे आलेली ती मुंगी फिल्मखाली अडकून चालायचा प्रयत्न करत होती. मामांनी भिंग आणलं. "श्वास कोठून घेत असेल?" म्हणाले. थोडा वेळ पाहिलं, मग बेचैन झाले आणि सगळं जमलेलं काम टराटरा सोलून काढलं. मुंगीला कागदावर घेऊन तुळशीपाशी सोडलं. त्या क्षणी मला ते इतके आवडले की मी शिकेकाईसकट सगळं माफ करून टाकलं.

पण या उद्योगांत अमावास्या अगदी जवळ आली. शेवटी तंजावरहून तज्ज्ञ आला. काळे हातमोजे घातलेला, शस्त्रक्रियेला आल्यासारखा गंभीर. मामांच्या प्रत्येक प्रश्नाला तो तमिळमध्ये एकच उत्तर देई, ते गुपित आहे, सर. मामांनी इडली दिली, कॉफी दिली, मामींकडून खास पुरणपोळ्या करवून घेतल्या. त्यानं सगळं मनापासून खाल्लं आणि गुपित राखलं. काम मात्र असं केलं की फिल्म कुठे संपते ते बोटानंही कळू नये. मामा कृतार्थ झाले. मग हातमोजे काढता काढता त्यानं फर्मान सोडलं, "आठवडाभर गाडीला पाणी लागता कामा नये. पावसात तर काढूच नका, कडा सुटतील." अमावास्या परवावर होती, आणि इकडचा पाऊस दिवाळीनंतरच रंगात येतो. तो सकाळपासून लागलेला होता.

त्या संध्याकाळी मी मामांकडे कॉफीला गेलो होतो. मामींनी वरच्या कप्प्यातलं लुगडं काढलं, पुन्हा नीट घडी घातली आणि खालच्या पेटीत ठेवून दिलं. त्या चिडल्या नव्हत्या, त्यांनी सुस्काराही टाकला नाही. मामा पाहत होते. जगातल्या यच्चयावत माणसांना प्रश्न विचारलेले हे गृहस्थ आता मामींना म्हणाले, "अगो, तिथं जाऊन तुज मागायचं तरी काय आहे?"

"मागायचं काय?" मामी म्हणाल्या. "लग्न होऊन आलें त्या साली सासूबाईंसवें गेलतें. डोईवर पाणी ओतलं. तें गार होतं कीं ऊन, तेवढं आठवेना. थंडीचे दिवस, गारच असावं. पण अंग शहारलं नाही, हें आठवतं. म्हणून एकदां पुन्हा पाहून यावं, बस्स."

मामांची कॉफी हातातच राहिली. "इतकी वर्षं बोलली कां नाहीस?"

"असक्यांस विचारतां," मामी म्हणाल्या. असक्यांस म्हणजे सगळ्यांना. "मज कधी विचारलां नाही."

मामांच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला मी काय म्हणू? आपल्यासारखंच एक माणूस इतकी वर्षं आपल्याच स्वयंपाकघरात होतं आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता, असं काहीसं. ते उठले, पेटीतून लुगडं काढलं आणि मला म्हणाले, "जावई, परवा सकाळी गाडी तुम्ही चालवा. मज समोर बॉनेट दिसायला नको."

अमावास्येला पाऊस होताच. गाडी फाटकातून निघाली तेव्हा मामांनी बॉनेटकडे पाहायचं कटाक्षानं टाळलं. तिरुविसनल्लूरला पोहोचेपर्यंत डाव्या कोपऱ्यातली फिल्म सुटून फडफडू लागली होती. मी चिखलात गाडी उभी केली आणि सवयीनं छत्री घेऊन बॉनेटपाशी थांबलो. मला वाटलं मामाही थांबतील, कारण गार पाण्याचा त्यांना मनस्वी धसका. घरी ते वैशाखातही ऊन पाण्यानं न्हातात. पण त्यांनी मामींचं कोपर धरलं आणि एकेक पाऊल टाकत दोघं रांगेतल्या गर्दीत दिसेनाशी झाली. बऱ्याच वेळानं परतली ती दोघंही चिंब. तशीच नव्या सीटवर बसली, मागे, शेजारी शेजारी. वाटेत मला राहवेना. "मामी, गार होतं की ऊन?"

"ऊन होतं," मामी म्हणाल्या आणि लहान मुलीसारख्या हसल्या. "मज वाटत होतं तसंच."

मी आरशातून मामांकडे पाहिलं. पाणी किती ऊन होतं, जमिनीखालून येतं म्हणून का, बादली कशाची होती, आता निदान घर येईपर्यंत तरी हे पुरणार, असं मी धरून चाललो होतो.

"मज कळलं नाहीं," मामा हळूच म्हणाले. "पाणी पडलं तेव्हां मी हिजकडे पाहत होतों."

 ओल्या पदराचं टोक घेऊन मामींनी मामांच्या कपाळावरून डोळ्यांत उतरणारं पाणी टिपलं. मी आरशातली नजर काढून घेतली. मला एकाएकी माझ्या बायकोची फार आठवण झाली. घरी गेल्यावर तिला काहीतरी विचारायचं आहे असं वाटत राहिलं, पण नेमकं काय, ते कुंभकोणम येईपर्यंत मला सुचलं नाही.