गालावरची टकटक

गेले काही आठवडे रोज सकाळी माझ्यापुढे चहा ठेवला की बायको चष्मा काढते आणि गाल पुढे करते. तिच्या कानाच्या जरा पुढे मी बोटाने हलकेच टकटक करतो आणि ओठाच्या कोपऱ्याकडे बघत राहतो.

थायरॉइडच्या ऑपरेशननंतर तिचं कॅल्शियम फार कमी झालं होतं. बोटांना, ओठांना मुंग्या यायच्या. डॉक्टरांनी अशीच टकटक केली, तेव्हा ओठाचा कोपरा आपोआप उडाला होता. गोळ्या वाढल्या, आणि ही टकटक मी घरी घेऊन आलो.

कॅल्शियम म्हणजे हाडं आणि दात, एवढंच मला ठाऊक. चेहऱ्याचं शांत राहणंही त्याच्याच हातात असतं, हे कुठं माहीत होतं? इतक्या वर्षांच्या संसारात हा चेहरा मी एवढा निरखून कधी पाहिलाय, आठवत नाही.

काल रिपोर्ट चांगला आला. "आता ठोकाठोकी बंद करा," डॉक्टर म्हणाले. तरी आज चहा ठेवून तिने गाल पुढे केलाच. मी टकटक केली. ओठाचा कोपरा हलला. मी लगेच गोळ्यांच्या डबीकडे हात नेला.

"अहो, घाबरताय काय," ती म्हणाली, "हसतेय मी."