काचेभोवती प्रदक्षिणा

आमच्या घरांच्या ओळीतले भीमसेनराव पगार घ्यायचे तो नजर ठेवण्याचा. मद्रासच्या म्युझियमला लोक 'मेलेलं कॉलेज' म्हणतात. तिथल्या पंचधातूच्या मूर्तींच्या दालनावर ते राखणदार, आणि दोन्ही डोळ्यांनी जवळजवळ आंधळे. हे बायकोला, त्रिपुरसुंदरीला, ठाऊक होतं. शेजाऱ्यांना तर तिच्याही आधी. कचेरीत कळलं की नोकरी गेली, आणि घरात दुसरं मिळवतं कोणी नव्हतं.

"कसाला जी हे नाटक? एक दिवस पडाल," ती म्हणायची.

"दालनच मला पडू देत नाही."

ते खरं होतं. दालन इंग्रजांच्या वेळचं. भिंतीला लागून कपाटं, आत पंगतीला बसवल्यासारखे देव, दाटीवाटीनं. उजवा हात कपाटांवर ठेवून चालत राहिलं की दार आपोआप यायचं. बघणाऱ्याला वाटे, राव धूळ तपासतायत.

साठ सालानंतर नवी रीत आली. दालन बंद होतं तेवढे महिने राव फाटकावर स्टूल टाकून बसले; आत खिडक्या बुजल्या, निम्मे देव कोठीत गेले. उरलेल्यांना दालनाच्या मधोमध एकेक काचेचं घर मिळालं, चहूबाजूंनी दिसावं म्हणून. वर दिवा, भोवती अंधार. पाहुणे म्हणाले, देव आता कुठे नीट दिसतात.

दालन उघडलं त्या सकाळी रावांनी सवयीनं उजवा हात काचेवर ठेवला आणि निघाले. कोपरा आला, वळले. पुन्हा कोपरा, पुन्हा वळले. दार येईना. काचेतल्या पार्वतीला उजवीकडे ठेवून ते फिरतच राहिले. काच घामानं ओली झाली.

दारात मोठे साहेब आणि मुकादम नारायणस्वामी उभे होते. साहेबांनी भक्तिभावानं बूट काढले.

"सावकाश होऊ द्या राव," नारायणस्वामी हसत म्हणाला. "देवीला नवं घर मिळालंय, प्रदक्षिणा हवीच."

सुटलो, असं रावांना वाटलं. "झाल्याच," म्हणत ते ऐटीत आवाजाच्या रोखानं निघाले. वाटेत नटराज होता, त्याच्या काचेसकट.

नटराजाला काही झालं नाही. रावांच्या नाकाचं हाड मोडलं, तेही एकवेळ चाललं असतं. पण साहेबांनी वाकून त्यांच्या डोळ्यांसमोर हात हलवून पाहिला.

त्रिपुरसुंदरी आता गिंडीच्या कारखान्यांत जेवणाचे डबे पोचवते. ओळीतले टवाळ विचारतात, "काय राव, देवी दिसली का आज?" राव न ऐकल्यासारखं करतात. बायको परतेपर्यंत उजवा हात भिंतीला लावून बसून असतात. उठत नाहीत.