ओलीवरचा मोतिया रंग

रंगारीकाकांनी हात फिरवला की साठीची भिंत सोळाची दिसते, अशी त्यांची ख्याती. घरांचे दलाल तर त्यांच्यावर जीव टाकायचे. विकायच्या घरात ओल आली की काकांना बोलावणं जायचं. पोपडे खरवडायचे, पुट्टीचे दोन हात मारायचे, वर मोतिया रंग द्यायचा आणि गिऱ्हाईक येईपर्यंत पंखे चालू ठेवायचे.

"मी ओल लपवत नाही," काका म्हणायचे, "तिला जरा विश्रांती देतो."

एका रविवारी लेक आणि जावई त्यांना सोबत घेऊन घर बघायला निघाले. सात वर्षं पोटाला चिमटा काढून साठवलेलं सगळं त्या घरात जाणार होतं. गल्लीचं वळण आलं तशी काकांची चाल मंदावली. तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं आणि काका उंबऱ्यातच थबकले. हे घर त्यांनीच मागच्या महिन्यात रंगवलं होतं. आत दलाल उभा होता. त्याचा चेहरा क्षणभर उतरला, मग ओळख न दाखवता तो म्हणाला, "या या, बसा!"

जावईबापूंनी तक्ता काढला. "बसथांबा चारशे बारा पावलं, दहापैकी दहा. शाळा दहा. दवाखाना दहा. बाजार नऊ. घराची स्थिती..." त्यांनी भिंतीवरून मायेने हात फिरवला. "दहा!"

"बसथांबा इतका जवळ म्हणजे दिवसभर गोंगाट," काका घाईने म्हणाले.

"खिडक्या लावून ऐकलंय मी. येत नाही आवाज."

"पश्चिमेचं ऊन येईल."

"पडदे लावू."

"शेजारी कसे आहेत कोण जाणे."

"तीन वेळा येऊन जिन्यात उभा राहिलोय. भांडत नाहीत."

जावईबापूंचं सगळं जग मोजून झालं होतं, भिंत तेवढी राहिली होती.

"बाबा, भिंतीतलं तुम्हालाच कळतं," लेक म्हणाली. "तुम्ही हो म्हणालात तर आजच विसार देऊ."

काकांनी दलालाकडे पाहिलं. पुढच्या महिन्याची चार घरं त्या माणसाच्या हातात होती. मग त्यांनी लेकीच्या हातातली तिच्या घराची किल्ली घेतली आणि न्हाणीघराला लागून असलेली भिंत खरवडली. पापुद्रा सुटला. मागे काळी, ओली भिंत.

"आतला पाइप गळतोय. तो कुणी दुरुस्त केला नाही. मी वरून नुसता रंग दिला."

"तुम्ही?" लेकीने विचारलं.

"हो. हात माझाच आहे."

"काका, हे बरं नाही केलंत," दलालाला आता ओळख पटली. "उद्यापासून ब्रश घरीच ठेवा."

जावईबापू दहाचा आकडा खोडत पुटपुटले, "दोन केले तरी सरासरी आठच्या वर राहते हो..."

लेकीने तक्ता काढून घेतला आणि ती जिना उतरू लागली. खाली आल्यावर तिने विचारलं,

"बाबा, अशी किती घरं रंगवलीत?"

"मोजली नाहीत गं."

"त्यात माणसं राहायला आली असतील ना? त्यांना कुणीच सांगितलं नाही?"

"त्यांच्यात कुणाचा सासरा रंगारी नव्हता," काका हसत म्हणाले.

लेक हसली नाही.