एक स्टारचं गालबोट

किस्से मी मुद्दाम जमवत नाही. तेच जमतात. चहा पिऊन झाला तरी गाळणीत चोथा उरतो ना, तसे. काम संपतं, गिऱ्हाईक निघून जातं, आणि किस्सा तेवढा माझ्याकडे राहतो.

मी मल्लेश्वरममध्ये छोट्या धंदेवाल्यांच्या वेबसाइट, लोगो, जाहिराती असलं सगळं करून देते. आधी मारतहळ्ळीच्या एका कंपनीत होते. ती नोकरी सोडली ते आपल्या माणसांसाठी काहीतरी करावं म्हणून. आपली माणसं! बेंगळुरूतल्या मराठी धंदेवाल्यांचा आमचा एक ग्रुप आहे. महिन्यातून एकदा मंडळाच्या हॉलमध्ये जमायचं, पोहे खायचे आणि एकमेकांना सल्ले द्यायचे. तिथं माझा सोडून सगळ्यांचा सल्ला ऐकला जातो.

मागच्या महिन्यात तर डोकं फिरायची वेळ आली, ती वनिताअक्कांमुळे. अक्कांचं पोळीकेंद्र आहे. पूर्वी रस्त्यावर दुकान होतं. ती इमारत विकली गेली, तेव्हापासून केंद्र त्यांच्या घरातूनच चालतं. गल्लीच्या आतली गल्ली, मग जिना, आणि पाटी लावायला इमारतीची परवानगी नाही. मॅपवर त्यांचं पान आहे म्हणून माणसं पोचतात. ते पान मी केलंय. आणि अक्का मला म्हणाल्या, "ते पान काढून टाक."

पान गेलं की केंद्र गेलं. आणि अक्कांबरोबर लाटायला बसणाऱ्या बायका घरी बसणार. का काढायचं, ते सांगतेच. पण आधी बाकीच्यांची खरडपट्टी काढू द्या, म्हणजे माझा राग तुम्हाला पटेल.

*

श्रीकांत पुण्याहून आलेला. दिवसा आयटी, शनिवार-रविवारी लाकडी घाण्याचं तेल. वेबसाइट त्यानं स्वतः बनवली आणि मला "फक्त एकदा नजर टाका" म्हणून दाखवली.

नजर टाकली. धुकं, बैल, आजोबांचे हात. मग 'आमची गोष्ट'. ती संपता संपेना! खाली सरकवून सरकवून माझा अंगठा दुखला. शेंगदाण्याचं आत्मवृत्त वाचून झालं, पण तेल कुठं मिळतं ते काही कळेना.

"श्रीकांत, फोन नंबर कुठाय?"

"नाही दिला."

"का?"

"ताई, नंबर दिला तर लोक फोन करतील ना!"

मी म्हटलं, त्यासाठीच असतो तो! सगळ्यात वर द्यायचा, मोठ्या अक्षरात, बोट लावलं की थेट फोन लागेल असा. माणूस तेल घ्यायला आलाय, कादंबरी वाचायला नाही!

त्यानं ऐकलं. नंबर टाकला. चार दिवसांनी मीच फोन लावून बघितला, तर रेकॉर्ड केलेला आवाज आला, "आमच्याविषयी जाणून घेण्यासाठी कृपया वेबसाइटला भेट द्या."

*

सुधीरअण्णांचं घराणं तीन पिढ्या मल्लेश्वरममध्ये. पूजासाहित्याचं दुकान. वेबसाइट त्यांच्या भाच्यानं करून दिली. वेबसाइटचा पत्ता त्याच्या नावावर, पासवर्ड त्याच्याकडे. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "अण्णा, हे सगळं तुमच्या नावावर करून घ्या. दुकानाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात ठेवता का?"

"अगं, घरचाच पोरगा आहे. सरी, बिडू! सोड!" अण्णांनी विषय सोडून दिला.

मग अण्णांच्या मुलीचं लग्न ठरलं, दिवाळीनंतरचं. आणि अण्णांनी काय केलं? सख्ख्या थोरल्या बहिणीला पत्रिकेचा फोटो मोबाइलवर पाठवला. घरी जाणं नाही, अक्षता नाहीत, काही नाही. फोटो! खाली दोन हात जोडलेले.

गणपतीचा आठवडा आला. वर्षातला सगळा धंदा त्याच दिवसांत. लोक वेबसाइट उघडतात तर कापूर नाही, जानवी नाही, काही नाही. पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ, "आईला अक्षता मिळेपर्यंत दुकान बंद आहे."

अण्णा माझ्याकडे धावत आले. "हे काढ!"

"मी कशी काढू? किल्ली भाच्याकडे!"

"हा तर चक्क ब्लॅकमेल झाला!"

शेवटी अण्णा आणि वहिनी नारळ, साडी, कुंकू, अक्षता घेऊन रीतसर बहिणीकडे गेले. ते परत रिक्षात बसायच्या आत वेबसाइट सुरू! वर भाच्यानं एक झेंडूचं तोरणही लावून दिलेलं.

मी म्हटलं, "अण्णा, झाला ना धडा? आता तरी सगळं आपल्या नावावर करून घ्या."

"आता कशाला?" अण्णा म्हणाले. "आता तो खूश आहे!"

*

देवनहळ्ळीच्या पुढं प्रशांतचं शेत आहे. प्रशांत आमच्या नागपूरचा, म्हणून राग जरा जास्तच. शहरातल्या लोकांनी सुट्टीला यावं, हुरडा खावा, खाटेवर लोळावं, अशी छान कल्पना. शेतही छान. जुनी चिंच आहे, पाण्यानं भरलेली विहीर आहे, वरून विमानं इतकी खालून जातात की पोरं नाचतात.

आणि वेबसाइटवर? बर्फाचे डोंगर! निळी नदी! गव्हाच्या शेतातून पळणारं सोनेरी केसांचं गोरं कुटुंब!

"प्रशांत, हे लोक तुझ्या शेतावर कधी आले होते?"

"आले नाही अजून. फोटो पाहून येतील ना!"

"अरे, तुझी चिंच दाखव! विहीर दाखव!"

"अवं ताई, आपली चिंच कोण पाहते?"

डिसेंबरात एक कुटुंब आलं. बाई, बुवा, दोन मुलं, आणि मुलांच्या कमरेला पोहायच्या रबरी ट्यूबा. मी त्या दिवशी तिथंच होते, चिंचेचे फोटो काढायला गेले होते. त्या बाईंनी गाडीतून उतरता उतरता विचारलं, "नदी कुठल्या बाजूला?"

प्रशांतनं पापणीसुद्धा हलवली नाही. "आटली, मॅडम."

"आटली? डिसेंबरमध्ये?"

"ग्लोबल वॉर्मिंग आहे ना!"

*

मिलिंद यात्रा नेतो. गाणगापूर, गोकर्ण, धर्मस्थळ. माणूस सरळ, हिशेब चोख, बस वेळेवर. पण रोज सकाळी तो त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांना गुलाबाचं फूल पाठवतो. फुलावर सुविचार. सुविचाराखाली सुप्रभात. कित्येकदा सांगितलं, मिलिंद, मेसेज म्हणजे गिऱ्हाइकाचं दार वाजवणं आहे. रोज उगाच वाजवलंस तर कामाच्या दिवशी कोणी उघडणार नाही.

"ताई, रोज आठवण राहिली पाहिजे ना."

एकदा बस मिळाली नाही म्हणून गाणगापूरची ट्रिप आठवडाभर पुढं गेली. मिलिंदनं लगेच कळवलं. कसं कळवलं? आधी गुलाब. मग सुविचार, संयमावरचा. मग एकादशीच्या शुभेच्छा. आणि तळाशी, मुंगीच्या अक्षरात, "शनिवारची ट्रिप आता पुढील शनिवारी."

शनिवारी सकाळी सगळी मंडळी बॅगा, दशम्या, पाण्याच्या बाटल्या घेऊन ठरलेल्या कोपऱ्यावर हजर! कोणीतरी मिलिंदला घरून उठवून आणलं. मी तिथं होते, कारण माझ्या आईनंही नाव दिलं होतं. लोक त्याला फाडून खात होते आणि तो प्रत्येकाला मोबाइल उघडून दाखवत होता, "हे बघा, हे खाली लिहिलंय!"

"अरे, मग एका ओळीत सरळ का नाही सांगितलंस?" मी ओरडलेच.

"एकदम कोरडं कसं सांगायचं, ताई? वाईट बातमी फुलाबरोबर द्यावी."

तेवढ्यात त्याला गर्दीत त्याच्या सासूबाई दिसल्या. हातात वळकटी, डोक्याला स्कार्फ. बिचाऱ्याचा चेहराच उतरला. "आई, तुम्ही पण? तुम्ही पण मेसेज वाचला नाहीत?"

"मिलिंदराव," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला तर मी साखरपुड्यालाच म्यूट केलंय."

*

आता अक्का.

अक्कांच्या पानावर सगळे रिव्ह्यू पाच स्टारचे. सगळे! मराठीत, कन्नडमध्ये, इंग्रजीत. मऊ पोळी, पातळ पोळी, आईच्या हातची पोळी. मी गेल्या कित्येक वर्षांत एवढं स्वच्छ पान पाहिलं नाही. दुसरा कोणी असता तर त्यानं ते फ्रेम करून लावलं असतं.

अक्का घाबरल्या.

आधी मिक्सर जळला. मग लाटणाऱ्या शारदाचा हात मुरगळला. मग गॅसची नळी गळायला लागली. अक्कांनी तीनही गोष्टींचा एकच अर्थ लावला. दृष्ट.

"इतकं चांगलं कोणी उघड्यावर लिहितं का?" त्या म्हणाल्या. "बाळाला न्हाऊमाखू घातलं की आपण काजळाचं बोट लावतो. या पानाला बोट कुठाय? एक तरी वाईट लिहिलेलं पाहिजे. गालबोट म्हणून. अमावास्येपर्यंत नाही लागलं, तर काढून टाक ते पान."

मी हात जोडले. म्हटलं, अक्का, पान म्हणजे बाळ नाही! लोक वाईट रिव्ह्यू पुसायला माझ्या मागं लागतात, तुम्ही लिहून मागता? हे पान गेलं तर या जिन्यापर्यंत कोण येणार आहे?

"मग तू लिही एक वाईट."

"मी खोटे रिव्ह्यू लिहीत नाही. चांगले नाही आणि वाईटही नाही!" ते माझं तत्त्व आहे, त्यावरून मी गिऱ्हाइकं सोडली आहेत.

"मग खरी तक्रार आण."

खरी तक्रार! मी अक्कांच्या दारात उभी राहून पोळ्या न्यायला येणाऱ्या माणसांना विचारायला लागले, काही तक्रार आहे का हो? असेल तर लिहा ना, प्लीज! माझ्या उभ्या धंद्यात असं काम मी केलं नव्हतं. एका आयटीवाल्या पोरानं बिचाऱ्यानं तीन स्टार दिले, रात्रभर त्याला वाईट वाटलं, सकाळी परत पाच केले. खालच्या मजल्यावरच्या कन्नड आजी तर कानांवर हात ठेवून म्हणाल्या, "बेडा, बेडा! नको गं! अन्नाला नावं ठेवायची? पाप!"

त्या दिवसांत मी अक्कांचं घर नीट पाहिलं. दुपारी एक वाजला की जिन्यावर रांग. येणारा प्रत्येक जण विचारायचा, "ऊट आयता, अक्का?" जेवलात का, अक्का? आणि अक्का तव्यावरून मान न उचलता म्हणायच्या, "आयतु, आयतु." झालं, झालं. कुठलं झालं! कणकेचे हात कोपरापर्यंत. आतल्या खोलीत काका जेवत असायचे. काका म्हणजे अक्कांचे यजमान, सरकारी कारखान्यात माल तपासायच्या खात्यातून रिटायर झालेले. बोलणं जवळजवळ नाहीच. ताटावर जाळी घातलेली असायची, ते ती काढायचे, जेवायचे, ताट उचलून मोरीत ठेवायचे, आणि पेपर घेऊन गॅलरीत बसायचे. एकदा मी त्यांनाही गमतीनं म्हटलं, "काका, तुमची तरी काही तक्रार?" ते नुसते हसले.

अमावास्या उद्यावर आली. अक्कांनी आठवण करून दिली, "उद्या काढ बरं का पान." मला रडू यायचं बाकी होतं. संध्याकाळी शेवटचं म्हणून पान उघडलं, तर वर नवा रिव्ह्यू.

एक स्टार.

खाली काकांचं पूर्ण नाव, आडनावासकट. आणि मजकूर, कारखान्यात शेरा लिहावा तसा:

"पोळ्या उत्तम. लग्नापासून खात आहे. करणारी व्यक्ती एकदाही सोबत जेवायला बसलेली नाही."

मी तो तीनदा वाचला. मग घाबरून अक्कांना फोन केला. म्हटलं, "अक्का, पानावर बघितलंत का? घरच्या माणसांचे रिव्ह्यू नियमात बसत नाहीत. तुम्ही म्हणाल तर मी तक्रार करून काढायला लावते. आत्ता लावते."

फोनवर तव्याचा आवाज येत होता. मग गॅस बंद केल्याचा.

"नको," अक्का म्हणाल्या. "खरं आहे ते. राहू दे."

"मग पान ठेवायचं ना?"

"ठेव. आणि त्याच्यावर वेळ लिहिलेली असते ना, ती बदल. दुपारी एक ते दोन बंद."

"एक ते दोन?" मी किंचाळलेच. "अक्का, ती तर ऐन गर्दीची वेळ! डबेवाले, ऑफिसवाले, सगळे तेव्हाच येतात! धंद्याची वेळ कोणी बंद ठेवतं का?"

"बंद," अक्का म्हणाल्या. "लिही तू."