ताई विमानात बसली तेव्हा

चष्म्याच्या दुकानदाराला घरीदारी सगळे पाखरू म्हणायचे. हे नाव ताईनं ठेवलेलं. लहानपणी छत्री उघडून छपरावरून उडी मारली आणि पाय मोडून घेतला, तेव्हापासून. आई लवकर गेल्यामुळे ताईनंच त्याला लहानाचं मोठं केलं. लग्न ठरताना तिनं एकच अट घातली होती, भाऊ माझ्याबरोबर येणार. तिचा नवरा सुतार. त्या दाजींनी मेव्हण्यासाठी स्वतःच्या हातानं पलंग केला.

दुकान चालू लागल्यावर पाखरूनं वेगळं घर केलं. पन्नाशी जवळ आल्यावर त्यानं विमान चालवायचा परवाना काढला आणि एक जुनं, दोन माणसांचं विमान घेतलं. सुट्टीच्या दिवशी दुकानाला कुलूप लागलं की स्वारी धावपट्टीवर. "चल एकदा," म्हणून तो ताईच्या मागे लागायचा. ती म्हणायची, "तुझ्या स्कूटरवरून एकदा गटारात गेलेय, तेवढं पुरे."

पुढे तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरात बसून बसून ती विटली आणि एका सकाळी आपणहून म्हणाली, "ने बाबा मला वर. जिने काही चढवत नाहीत, निदान ढग तरी चढू."

दाजी कुंपणाशी उभे राहिले. पाखरूनं विमानाभोवती फिरून सगळं तपासलं, थोडं इंधन बाटलीत काढून त्यात पाणी-कचरा नाही ना, ते उजेडात धरून पाहिलं. विमान छान उठलं. पण धावपट्टी मागे पडते न पडते तोच इंजिनाचा जोर गेला. इतक्या खालून माघारी वळलं तर विमान गिरकी खाऊन कोसळतं, हे त्याच्या अंगात भिनलेलं होतं. त्यानं विमानाचं नाक खाली केलं आणि समोरचं मोकळं शेत धरलं. विमान टेकलंही नीट. मग चाक बांधाला अडकलं आणि ते उजव्या अंगावर उलटलं. ताई उजवीकडे बसली होती.

पाखरूचा खांदा मोडला. ताई दवाखान्यात पोहोचायच्या आधीच गेली.

चौकशीत निघालं, इंधनाच्या नळीचं रबर आतून सुटून आडवं आलं होतं. बाहेरून दिसणं शक्यच नव्हतं. तरी लोक विचारायचेच, पट्टी एवढी जवळ होती तर मागे का नाही वळलास? पाखरूनं दाजींकडे जाणं सोडून दिलं.

एके दुपारी दाजीच दुकानात आले. चष्म्याची दांडी सैल झाली म्हणाले. पाखरूनं स्क्रू पिळला, काचा पुसल्या, चष्मा पुढे केला. दाजींनी तो घेतला नाही.

"मागे का वळला नाहीस, ते मी विचारणार नाही," ते म्हणाले. "तुला कळतं ते तू केलंस. ती काय बोलली, तेवढं सांग."

पाखरू बराच वेळ हातातल्या कापडाची घडी घालत राहिला. "आवाज कमी झाला, तेव्हा तिला वाटलं, मीच मुद्दाम केला. म्हणाली, आता कसं शांत वाटतंय रे."

"म्हणजे घाबरली नाही."

"मग घाबरली. माझा हात घट्ट धरला. विमान सांभाळायला मला तो हात लागत होता, दाजी. मी ओरडलो तिच्यावर. हात सोड म्हणालो. शेवटचं हेच बोललो मी तिच्याशी."

दाजींनी खाली पाहतच विचारलं, "सोडला तिनं?"

"लगेच. बरं म्हणाली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले."

दाजींचा चेहरा वेडावाकडा झाला. ते स्टुलावर बसले आणि ढसाढसा रडले. पाखरू काउंटरमागून बाहेर आला, पण जवळ जावं की नाही, हे त्याला कळेना. दाजींनीच त्याचं मनगट धरलं आणि खाली बसवलं.

एक बाई चष्मा न्यायला दारात आली. दाजी नाक पुसत तिला म्हणाले, "उद्या या हो. आज दुकान बंद आहे."